पाडव्याला केलेलं फ्लॉवरचं मेंढरू

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे. मी सोलापुरात एका हॉटेलात सॅलड मांडतो. घरची मेंढरं सोडून मी ‘पाला कापायला’ गेलो, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षांत माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही.

आज पाडव्याला घरी पाहुणे जेवायला होते. मी चक्क्यात शेंगाचटणी आणि लसूण घालून डिप केलं. वाटीभोवती फ्लॉवरचे तुरे लावून मेंढरू बनवलं. गाजराचं तोंड, काकडीचे कान. दोन्ही कान सारखे यावेत म्हणून चार वेळा कापले.

पण कोणी हातच लावेना. आत्या म्हणाली, “आज गोडाचा सण हाय की रं! पाडव्याला मेंढरू कापतंय व्हय कुणी?” सगळे हसले.

अण्णा मात्र वाकून बघत होते. म्हणाले, “कुणाचं हाय हे? कानाला खूणच न्हाय.”

मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी ओळखू यावीत, म्हणून आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या मेंढरांचे कान ठरावीक तऱ्हेने कातरतं. मी तेच विसरलो होतो.

अण्णांनी उजव्या कानाचं टोक तिरकं मोडलं, डिपमध्ये बुडवलं आणि खाल्लं. “आता आपलं झालं,” म्हणाले. “लसूण लई हाय पण.”

पुढच्या सणाला लसूण बेतानेच घालायचा आहे. अर्धा किलो चक्क्याला किती पाकळ्या पुरतात, कोणी नक्की सांगेल का?