किहीमच्या गाडीतली डावरी गाठ

आधीच सांगून टाकतो – मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सगळी हयात मोटारी दुरुस्त करण्यात गेली. दिवा लागला नाही तर बल्ब, फ्यूज, वायर नाहीतर स्विच, यांतलं कुणीतरी गुन्हेगार असतंच. शोधलं की सापडतं. आयुष्यात एकच काम असं झालं की गाडी सुरू झाली, पण कशी सापडली ती खोट, हे मला आजही सांगता येत नाही...

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अलिबागला माझं आणि दानियलचं भागीत छोटं गॅरेज होतं. त्याला सगळं गाव दानूच म्हणे. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. आमच्याकडे या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद. दानूच्या घरी घाणा नव्हता, पण शनिवार कडक! त्या दिवशी पान्ह्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. इंजिन माझं, वायरिंग त्याचं, अशी आमची वाटणी. समुद्रकाठच्या गाड्या, निम्म्या तर पाणी शिरूनच आजारी पडायच्या. दानू म्हणायचा, "वसंता, खारं पाणी शिरतं एकीकडे आणि रडतं दुसरीकडे. दिवा गेला म्हणून दिव्याकडे काय बघतोस?" आणि खरंच, हेडलाइट बंद पडलेल्या गाडीची खोट तो मागच्या सीटखालून काढायचा.

मग त्यांच्यातली घरं एकेक करून इस्रायलला निघाली. दानूचंही ठरलं. रेवसच्या धक्क्यावर मी त्याला सोडायला गेलो. लाँच सुटेपर्यंत आम्ही दोघं कुठल्यातरी ट्रकच्या डायनॅमोबद्दल बोलत राहिलो. दुसरं काही बोलायला जमलंच नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने किहीमहून निरोप आला. मुंबईचे एक वकील तिथल्या बंगल्यावर सहकुटुंब राहायला आले होते. ड्रायव्हरने हौसेने गाडी ओल्या वाळूत घातली, चाकं रुतली आणि भरती आली. पाणी बॉनेटपर्यंत. कोळ्यांनी दोर लावून बाहेर काढली, तेव्हापासून गाडी मुकी. मी सकाळच्या एसटीने गेलो. शनिवार होता.

नारळीखाली गाडी उभी. मी प्लग काढून वाळवले, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण पुसलं, बॅटरी सोबत नेलेली नवी जोडली. हँडल मारलं – काही नाही. प्लगची वायर बॉडीजवळ धरून पाहिली, ठिणगीच नाही. टेस्ट लॅम्प लावला की दिवा छान लागायचा, हँडल मारलं की ठिणगी गायब. असली चकवणारी खोट म्हणजे दानूचं काम. मी आपला वायरीमागून वायर चाचपत बसलो.

दुपारी बाराच्या सुमारास बंगल्यात धावपळ सुरू झाली. वकिलांच्या सुनेला आठवा महिना, आणि अचानक कळा लागल्या. गावातली सुईण आत गेली आणि लगेच बाहेर आली. मूल पोटात आडवं होतं. मला म्हणाली, "मिस्तरी, पोर आरवा हाय. ह्या माज्या हातचा न्हाय. गारी चालू व्हनार का न्हाय ता सांग!"

पुढची एसटी संध्याकाळी. बैलगाडीने अलिबाग म्हणजे दोन-तीन तास. वकिलांच्या पत्नी माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "मिस्त्री, काहीही करा हो." आतून त्या मुलीचं ओरडणं ऐकू येत होतं. मी पुन्हा बॉनेटखाली वाकलो.

कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे एक छोटी वायर जाते, इंजिनाच्या कडेने, खालच्या अंगाला. डोळ्याला दिसत नाही, वाकून हातानेच चाचपावी लागते. सकाळपासून मी तिच्यावरून दोनदा हात फिरवला होता. गुळगुळीत, सुकी, शाबूत वायर. तिसऱ्यांदा हात घातला आणि बोटांना गाठ लागली.

सुताची गाठ!

मी ती वायर दोन्हीकडून सोडवून उजेडात आणली. कोळी जाळ्याला वापरतात तसलं तपकिरी सूत, दोन वेढे आणि एक फास. दानूला वायरीचा संशय आला की तो तिला अशीच खूण बांधायचा. आणि तो डावरा, त्यामुळे फास उलटा पडायचा. मी कितीदा प्रयत्न केला, मला कधी जमला नाही. या गाठीचा फास उलटा होता.

विचार करायला वेळच नव्हता. गाठीपाशी वायर कापली. आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी, आणि पाण्याचा एक थेंब बोटावर आला. नवा तुकडा जोडला, हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. ड्रायव्हर, सुईण आणि त्या सासूबाई तिला घेऊन अलिबागला गेल्या. संध्याकाळी निरोप आला – मुलगी झाली, दोघी सुखरूप.

नंतर मी खूप खोदून विचारलं. गाडी दानू गेल्यावर घेतलेली, अगदी नवी, आमच्या गॅरेजचं तोंडही न पाहिलेली. बॉनेटला माझ्याआधी कुणी हात लावलेला नाही. कोळ्यांनी दोर बांधला तो मागच्या बंपरला.

सगळी हकीकत लिहून, गाठीसकट तो तुकडा मी लिफाफ्यात घालून दानूला पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. "गाठ माझीच. दुसऱ्या कुणाची असणार? पण येड्या, शनिवारी मी काम करीन काय? इथे बसच्या वर्कशॉपमध्ये आहे. भोवती सगळं वाळवंट. पाणी शिरलेली गाडी वर्षात एक आली नाही. हात विसरून जातील असं वाटतं. पोरीचं नाव काय ठेवलं ते कळव."

नाव मला माहीत नव्हतं. ते कुटुंब मुंबईला परत गेलं होतं. नंतर आणखी काही पत्रं आली-गेली, मग हळूहळू थांबली. आमची भेट पुन्हा झाली नाही.

वाचकांपैकी कुणाला यामागचं कारण सुचलं तर जरूर सांगा. माझ्या हाताने ती गाठ आधी दोनदा चुकवली असेल, असंही मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मग बांधली कुणी?... भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. गाठ बोटांना लागली तेव्हा मी पटकन मागे वळून बघितलं होतं. मागे ड्रायव्हर उभा होता बिचारा, हँडल घेऊन. आणि मला त्याचा इतका राग आला... दानूच्या जागी तो का उभा आहे म्हणून.