आइलाबाईंच्या भांड्यातलं मतदान

फिनलंडमधल्या पाण्यानं भरलेल्या चुनखाणीच्या काठावर पाणबुड्यांच्या संघाची लाकडी खोली होती आणि त्या खोलीची राणी होती आइलाबाई. दुग्धालयातली नोकरी संपल्यावर त्यांनी एक जाड स्टीलचं भांडं स्वतःच्या हातानं जुळवलं होतं. सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं पाठीवरचं यंत्र म्हणजे रीब्रीदर. त्यात प्राणवायू मोजणारे तीन सेन्सर असतात. दोघांचं जमलं की यंत्र तिसऱ्याला वेडा ठरवतं. आइलाबाई सेन्सर भांड्यात घालायच्या, प्राणवायूचा दाब चढवायच्या आणि खोटं बोलणारा पकडायच्या. काय त्यांचा थाट!

त्या शनिवारी भांड्यात नवऱ्याचे, वेइक्कोचे सेन्सर होते. तासाभरात तो साठ मीटर खाली जाणार होता. भांड्यावरच्या दाबमापकाचा काटा १.६ बारवर गेला. एक सेन्सरही तिथं पोचला. उरलेल्या दोघांनी १.१ वरच बसकण मारली.

"हे दोन म्हातारे झालेत, वेइक्को. खाली यंत्र ह्यांचं ऐकून, प्राणवायू कमी आहे असं समजून, तो ओतत बसेल. जास्त प्राणवायूनं तुला आकडी येईल, तोंडातली नळी सुटेल."

"दोन विरुद्ध एक, आइला. तो एकटाच बिघडलाय."

"आणि हा काटा काय खोटं बोलतोय?"

अध्यक्ष टॉर्स्टींनी दालचिनीचा पाव बशीत ठेवला. "काटा संघाचा सभासद नाही, बाई. त्याला मत नाही."

सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली, फळी कुठल्या लाकडाची, यावर दोन हिवाळे मतदान करणारी ही माणसं! लगेच वेइक्कोच्या बाजूनं हात वर झाले. अकरा विरुद्ध एक. वेइक्को उठून पोशाखाची चेन ओढू लागला.

"फेरमतदान!" आइलाबाई कडाडल्या. कपाटातले तीन कोरे सेन्सर त्यांनी जुन्यांच्या शेजारी भांड्यात बसवले. दाब चढला. चौघं १.६ वर, ते दोघं म्हातारे १.१ वरच.

"चार विरुद्ध दोन," त्या म्हणाल्या.

"नवीन सभासदाला सहा महिने मत नसतं," टॉर्स्टी पुटपुटले.

"तुमच्या मेहुणीला आल्या दिवशीच दिलंत की!"

सगळी खोली हसली. टॉर्स्टींचे कान लाल झाले. त्यांनी चमचा कपावर आपटला. "बहुमत!"

वेइक्कोनं दोन म्हातारे काढले, दोन नवे बसवले. पाण्यात शिरताना मात्र कुरकुरला, "मी बहुमत मानलंय. तुझं नाही ऐकलं."

"चालेल रे," आइलाबाई म्हणाल्या. "तू वर ये म्हणजे झालं."