अक्काचा पाट घरी राहिला: नशिराबाद ते धुळे

जर्मनीत भावाकडे तीन महिने राहून परतले आणि चौथ्याच दिवशी अक्काला घेऊन धुळ्याला निघाले. अक्का माझी आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनआधीची तपासणी धुळ्यात बारा वाजता होती. चुकली की थेट पुढचा महिना, आणि अक्काला तर आत्ताच चुलीवरची भाकरी करपलेली दिसत नाही.

निघताना तिने दोरी बांधलेला लाकडी पाट काखोटीला मारला. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बसला अशाच जातात. पाट रस्त्यावर ठेवायचा, त्यावरून पायरी गाठायची, आणि शेवटी चढेल तिने दोरीने पाट आत ओढायचा. मी परदेशातून आलेली शहाणी. म्हटलं, "अक्का, ठेव तो. लोक हसतात."

सव्वाआठची बस थांब्यावर उभी राहिलीच नाही. पन्नास पावलं पुढे खडीवर थांबली. अक्का धापा टाकत पोहोचली, पण पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर! दोनदा पाय उचलला, दोन्ही वेळा परत खाली. आतून कुणीतरी ओरडलं, "चला लवकर, बठ्ठा लोके खोळंबनात!" आणि बस गेली.

पुढची दहाला. तिच्यात दोन अनोळखी प्रवाशांनी अक्काला काखेत धरून वर उचललं. भले लोक, पण अक्काचा चेहरा लाल झाला. "मी काय केळीना घड शे का?"

कंडक्टर समजूत घालत म्हणाला, "बसा अक्का. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट माफ आहे."

माझं डोकंच फिरलं. तिकीट माफ, आणि पायरी? ज्या बाईला चढताच येत नाही तिला फुकट प्रवास देणं म्हणजे दात नसलेल्याला चणे वाटणं. माझा भाऊ तिकडे ट्राम चार मिनिटं उशिरा आली म्हणून चिडतो, सीटला चार्जर हवा म्हणतो. त्याची ती हौस. आमची गरज एका वीतभर पायरीची, आणि तीही आम्ही घरून काखेत घेऊन जायची. रस्ता चौपदरी झाला तेव्हा पेढे वाटले सगळ्यांनी. त्यावरून धावणाऱ्या बसमध्ये म्हातारी कशी चढणार, हे एकालाही सुचलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर सांगते: अडीच तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट, पारोळ्याला भजी गरम मिळाली. मी खाल्ली नाहीत. घड्याळ बघत होते.

धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षाने पोहोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. "पुढच्या महिन्यात या," खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. अक्का डोळ्याला पदर लावून बसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीला बसमध्ये तिने विचारलं, "तठे जर्मनीमा म्हताऱ्या कशा चढतस वं?"

"तिथे बसच थांब्यापाशी खाली वाकते, अक्का. फूटपाथला टेकते."

"कोणी सांगस तिले?"

"कुणी नाही. तशीच बनवलेली असते."

घरी आल्यावर मी पाटाची जुनी दोरी सोडून नवी सुतळी घट्ट बांधली आणि तो दाराशीच ठेवला. अक्काने गाठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे तठला लोकेस्ले ठावं शे, मानूस म्हतारा व्हस."