अव्वाचा बुधवार आणि गाडीची खटखट

आमची गाडी जुनी आहे. हे मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. रंग उडालाय, मागची काच हाताने ओढून वर घ्यावी लागते, पण सीट खुर्चीसारखी उंच आहे. माझी अव्वा, म्हणजे आई, दुधनीला भावाकडे असते. ती अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सीटला एकदम मोल आलं. दर बुधवारी सोलापूरला आणून व्यायाम करून घ्या, नाहीतर त्या पुन्हा चालायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाड्याच्या गाड्या आणून पाहिल्या. एकीत तिला चढता येईना, दुसरीतून उठता येईना. आमच्या गाडीत मात्र ती आरामात बसली.

पण गाडी पुढून खटखट वाजत होती. मी रेडिओ मोठा करून तो आवाज कधीच विसरून गेलो होतो. आता प्रत्येक खटक्याला मागून "अय्यो" ऐकू यायचं. सोलापूरच्या माणसाला कुठल्याही दुखण्यावर चादर हा पहिला उपाय सुचतो. मी अव्वाच्या खाली चादर घातली, पाठीला चादर लावली, दाराच्या बाजूला चादर कोंबली. मी नवी पेठेत कापडाच्या दुकानात नोकरीला असल्यामुळे चादरींना तोटा नव्हता. अव्वा त्या ढिगात नुसती घामाघूम झाली.

मग गाडी गॅरेजला दिली. त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज जसाच्या तसा. "जुन्या गाडीला एवढं चालायचंच," असं तिथला माणूस म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. मी भांडून आलो. भांडणाने आवाज गेला नाही. पुढच्या खेपेला दुधनीत उतरताना अव्वाने सांगून टाकलं, "आता मी येनार न्हाय. पाय गेला तर जाऊ दे." अव्वा एकदा नाही म्हणाली की विषय संपला. परत येताना मला खरंच भीती वाटली.

बायको दिवसभर मागे अव्वाजवळ होती, आता पुढे माझ्या शेजारी आली होती. सासूला ती अत्या म्हणते. अक्कलकोट मागे पडल्यावर म्हणाली, "आवो, अत्यांना खड्डा लागत न्हाय. आवाज लागतोय."

"म्हणजे?"

"मी त्यांच्या खुब्यावर हात ठेवून बसले होते की. खटकन् वाजलं की त्या अंग आवळून घेतात, आणि आवळलं की कळ येते. स्पीडब्रेकरवर गाडी एवढी उडती, तितं त्या काय बोलत न्हाईत. तितं वाजतच न्हाय. दोन्ही चाकं संगट चढली की गप, एकच चाक खड्ड्यात गेलं की खटखट. ध्यानात आलं का तुमच्या?"

नव्हतं आलं. मी रोज ती गाडी चालवतो आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझी बायको भवानी पेठेतली, तेलुगू विणकरांच्या घरातली. माहेरी पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. तिचे वडील मागांची दुरुस्ती करायचे. मागाच्या धडधडाटात कानाचा काही उपयोग नसतो, म्हणून त्या घरात सगळे तळहाताने ऐकतात. चालू मागाच्या लाकडावर पंजा टेकायचा आणि कुठे बिघडलंय ते ओळखायचं. आता ती घराखाली शाळेचे युनिफॉर्म शिवून देते आणि तिच्या मशिनींना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालत नाही. अंगात नम्रपणा म्हणाल तर शोधून सापडायचा नाही. "आता बघाच तुमी," म्हणाली आणि रविवारी गाडी अंगणात उभी करायला लावली.

मोबाइलवर तिने आधीच पाहून ठेवलं होतं. पुढच्या दोन चाकांना एक वाकडा लोखंडी दांडा जोडतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा लिंक रॉड असतो. दोन्ही चाकं बरोबर वरखाली झाली तर त्याला काम नसतं, एकच चाक खाली गेलं की तो ओढला जातो आणि लिंक रॉडचा सांधा झिजला असेल तर तिथे खटखटतो. तिने मला मडगार्ड धरून गाडी हलवायला लावली आणि स्वतः डाव्या चाकाच्या मागून हात आत घातला.

"डावीकडून येतोय," मी ठामपणे सांगितलं.

"ही बाजू गप हाय." ती उजवीकडे गेली, पंजा टेकला आणि डोळे मिटले. "कान फसवतो तुमचा. लोखंडातनं आवाज कुटंबी पळतो. हितं या, हात द्या."

तिने माझा हात धरून त्या रॉडवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने गाडी हलवली. वाळक्या नारळात गोटा हलावा तसं काहीतरी माझ्या तळहाताला लागलं. एवढ्याशा गोष्टीने माझी आई अंथरुणाला खिळणार होती.

दोन्ही बाजूंचे नवे लिंक रॉड आणले. एक बाजू जॅकवर चढवून मी खाली विटा लावायला गेलो, तर तिने तेलुगूत मला झापलं. रागावली की ती तेलुगूत जाते आणि मला ते सगळं समजतं. तिने शेजारच्या टेंपोवाल्याकडून लोखंडी घोड्या आणल्या आणि पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी त्यांवर बसवली. विटा फुटून गाडी अंगावर येते, आणि एकच बाजू उचलली की दांड्याला पीळ बसतो आणि रॉड निघत नाही, म्हणे. गंजलेला नट हटेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला, तर नटाबरोबर आतला बोल्टही फिरायला लागला. मी पाना आपटून उठलो. तिने बोल्टच्या टोकाच्या खाचेत एलन की, म्हणजे सहा कोनांची वाकडी किल्ली घातली, मला ती घट्ट धरायला बसवलं आणि पाना ओढला. तो निसटून तिची बोटं सोलली. पदराला रक्त पुसून तिने तो पुन्हा लावला आणि नट सोडवलाच. कधीपासून बोलायचं राहिलंय म्हणून इथे लिहितो, त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

दोन्ही नवे रॉड त्याच दिवशी बसले. बुधवारी अव्वाला तिने कसं तयार केलं, कोण जाणे. अव्वा आली, पण तोंड फुगवून, दारावरचं हँडल मुठीत धरून. चादरींचा ढीग होताच. बायको तिच्याशेजारी, खुब्यावर पंजा ठेवून. दुधनीबाहेर रस्ता उखडलेला आहे आणि तिथे उजवं चाक हमखास खाली जातं. मी वेग कमी केला. आरशात अव्वाने डोळे मिटून घेतलेले दिसले. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं. गाडी हलली, पण वाजली नाही.

बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्या हाताला काही लागलं नव्हतं, अव्वाने अंग आवळलं नव्हतं.

थोड्या वेळाने अव्वाने डोळे उघडले. "त्यो खड्डा आला न्हाय का अजून?"

"गेला की अत्या, कवाच."

अव्वाने खिडकीतून मागचा रस्ता पाहिला. मग तिने हँडल सोडलं. "मग ह्या चादरी काढा आदी. लई उकडतंय," ती म्हणाली. आणि मला, "पुढच्या बुधवारी वाईच लवकर ये. मी तयार होऊन बसते."