गोटमारीसाठी राखलेल्या कॅप्सूल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि दोन्हीकडून गोटे. आमचे काका सौंसरचे, म्हणजे कुठल्याच काठाचे नाहीत. तरी दरवर्षी पांढुर्ण्याच्या बाजूनं उभे राहायचे आणि गोट्यांचा प्रसाद खाऊन यायचे. त्या वर्षी गोटा नडगीवर बसला. काकांनी जखमेवर देवीचं भस्म लावलं आणि तीन दिवसांत पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला.

मी तेव्हा नागपूरला जिवाणूंवर संशोधन करत होते, सणाला घरी आले होते. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. काकांनी एक दिवस घेतल्या, ठणका कमी झाला, बाकीच्या डब्यात टाकल्या. मी डबा उघडला, तर आत मागच्या कित्येक गोटमारींच्या कॅप्सूल, लाल-काळ्या, पिवळ्या, सगळ्या राखीव. पुढल्या वर्षी कामी येतात, शिवाय सोबतच्या गड्यांना वाटता येतात, असं काकूनं कौतुकानं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, लाली गुडघ्याच्या वर सरकली, तेव्हा मात्र मी घाबरले. हा पाय जाऊ शकतो, हे घरात मला एकटीलाच कळत होतं.

रागावून उपयोग नव्हता, म्हणून कॅप्सूल पुन्हा सुरू करण्यासाठी काकांना शिकवायला बसले. म्हटलं, हा जंतू आपलं विष, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, पोटात तयार करतो. पण ते बाहेर धाडल्याशिवाय त्याला तुमचं काही बिघडवता येत नाही. त्यासाठी त्याच्या अंगाला बारीक दारं असतात. आम्ही त्या दारांचा अभ्यास करतो. ती बंद करणारं औषध सापडलं, की माल आतच अडकेल.

काका उठून बसले. संत्र्याचे बागाईतदार ते. माल तोडून ठेवला आणि ट्रकच आला नाही तर काय होतं, हे त्यांना माझ्या सरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो जागच्या जागी सडतो आणि मालकही बुडतो, हे उलट त्यांनीच काकूला समजावलं. इतका हुशार विद्यार्थी मला पुढे कधी मिळाला नाही.

"हे बराबर आहे," काका म्हणाले. "मंग तुही दवाई येऊ दे. मी तीच घेतो. ह्या काहून खाऊ?"

शिकवायला गेले आणि अंगाशी आलं. ते दार उघडतं कसं, हेच तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं, बंद करणं तर दूरच. कॅप्सूल हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

"काका, ती दवाई यायला वीस वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही. तोवर तुम्ही पाहिजे ना मला."

काका काकूकडे वळून म्हणाले, "पाणी आण. वीस वर्षं थांबा म्हणून राहिली पोरगी."

कॅप्सूल गिळून त्यांनी मला जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी. पुढचे चार दिवस, दर वेळी हाक मारून दाखवत होते. मीही दर वेळी नीट वाकून पाहिलं.