करवंटीतलं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — डोकं तडकलंय माझं, दुसरं काय!

महाडच्या आमच्या हुन्नरशाळेला दहा वर्षं होतायत. सरकारी पैशावर चालणारी शाळा. चित्रकला, लाकडाचं कोरीवकाम, मातीकाम शिकवणारी. तिचा इतिहास छापायचाय आणि तो लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. मी इथलाच विद्यार्थी, आता इथलाच ड्रॉइंग मास्तर — मग आणखी कोण लिहिणार? हेडमास्तरांनी पहिलं वाक्यही सांगून ठेवलंय : ‘येथे सर्व जातींच्या मुलांस मुक्तद्वार आहे.’

मुक्तद्वार? डोंबल!

धाकू होता ना आमच्या वर्गात. कापडे गावच्या महारवाड्यातला, महाडात मामाकडे राहायचा. वरून हुकूम आला म्हणून त्याला घेतलं — आणि दाराशी जमिनीवर बसवलं. रंगाला पाणी लागतं. वर्गात माठ होता, पण त्यानं शिवायचा नाही. शिपाई येईल आणि वरून ओतेल, तेव्हाच. आता जलरंगातलं आकाश ओलं असतानाच ओढावं लागतं, एका दमात. शिपाई उगवेपर्यंत धाकूचं आकाश वाळून जायचं, डाग पडायचे. आम्ही फिदीफिदी हसायचो. हो, मीसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी पठ्ठ्यानं नदीवरून करवंटी भरून आणली. माझा बाक दाराजवळचा — मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हे ध्यानात ठेवा. आंबेनळीचा घाट काढायचा होता. पहिल्या येणाऱ्याला मुंबईत चित्रकला शिकायची शिष्यवृत्ती. धाकूला तेवढा एकच रस्ता होता. आणि मी? पोलादपूरच्या खोताचा मुलगा. मला कसली आलीय गरज? पण घाटावरचं त्याचं ते ओलं, पाझरणारं आकाश पाहिलं आणि माझ्या पोटात दुखू लागलं. तसं मला जन्मात जमलं नसतं.

मास्तर फिरत आले, थबकले. पाणी कुठलं, म्हणाले. धाकू तोंड उघडणार, तेवढ्यात मी करवंटी पायानं माझ्या बाकाखाली सारली आणि म्हणालो, ‘माठातलं घेतलं त्यानं.’

‘नाय मास्तर! नदीचं पानी हाय, करवंटीत आनलंय —’

कुठाय करवंटी? त्याला दिसेना. आणि आमच्या बाकाखाली हात घालायची त्याला मुभा होती थोडीच! तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. मास्तरांनी त्याचा कागद टराटरा फाडला आणि तिथल्या तिथे त्याला शाळेतून काढलं. एकानंही — एकानंही! — विचारलं नाही, की पोरा, खरं काय ते सांग. पुढे तो मुंबईला गोदीत ओझी वाहायला लागला, असं ऐकलं.

शिपायानं माठ बाहेर नेऊन फोडला. म्हणजे वर्गात पाणीच नाही. माझं आकाश अर्धवट, नवं पाणी यायला वेळ. मी बाकाखाली हात घातला. करवंटीत घोटभर पाणी उरलं होतं. विटाळ? तेव्हा नाही आठवला. त्यातच ब्रश बुडवला आणि आकाश पुरं केलं.

पहिला नंबर माझा आला, मुंबईची शिष्यवृत्तीही मलाच. ते चित्र हेडमास्तरांच्या खोलीत टांगलंय. इतिहासाच्या पहिल्या पानावर तेच छापणार आहेत, खाली माझं नाव.