निळं झालं का?

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका मातीवर जीव असलेला आणि शेतीशी काडीचाही संबंध नसलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. ते कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. वर्गात छापील मराठी, घरात गावाकडची. लग्नाला जावोत की बारशाला, खिशात कागदाच्या पुड्या असतात आणि परतताना त्यांत तिथली माती. एकदा दुधनीहून आणलेली पुडी त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली, तर शेजारच्या काकूंनी ती अक्कलकोटचा अंगारा समजून भक्तिभावानं कपाळाला लावली. हे घाईनं म्हणाले, "पुसू नका, आधी नमुना घेऊ द्या." त्यांना पाहिलं की काकू अजून कपाळ झाकतात.

त्यांचा अभ्यास मातीतल्या जिवाणूंचा. जिवाणूच्या भिंतीला इजा झाली, की आत बांधून ठेवलेलं एक प्रथिन सुटतं आणि डागडुजीची जनुकं चालू करतं, हे त्यांनी जेवताना इतक्या वेळा सांगितलंय, की माझी बायको वसुधा वाढता वाढता पुढचं वाक्य आधीच म्हणायची.

वसुधा गेली, आणि मी वाचनालयातली नोकरी सोडून, जुळे सोलापुरातलं घर बंद करून माढ्याला पुतण्याकडे कायमचं जायचं ठरवलं. सगळे समजूत घालायला आले. हे मात्र झाकणाच्या दोन काचेच्या बशा घेऊन आले आणि त्या फ्रिजवर ठेवून गेले. दोन्हींत जिवाणू वाढायला ठेवले होते; एकीत त्यांची भिंत पोखरणारं औषध होतं, ते मरणार नाहीत इतपत. डागडुजीचं जनुक चालू झालं की जिवाणूंचे ठिपके निळे व्हावेत, अशी सोय त्यांनी केली होती. मग रोज सकाळी सातला फोन: "दाजी, निळं झालं का?" त्यासाठी मला उठावं लागे, पडदा सारावा लागे, चष्मा शोधावा लागे.

तिसऱ्या दिवशी झालं. औषधाच्या बशीतले ठिपके स्वच्छ निळे, दुसरीतले पांढरेच. ते स्कूटरवरून आले. मला भरून आलं होतं. म्हणालो, इजा झाली तरी आतून दुरुस्ती सुरू होते, हेच दाखवायचं होतं ना मला?

त्यांनी बशी उजेडात धरली. "न्हाय दाजी. हे जिवाणू हायत. माणसाचं एवढं सोपं नसतंय." झाकण नीट बसवून बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "रोज सातला मी वसूला फोन करायचो. तुमी गेला, तर हितं फोन कोण उचलंल?"

मी माढ्याला कळवलं, येत नाही म्हणून.

फोन अजून येतो. बशा केव्हाच परत गेल्यात, विचारण्यासारखं काही नसतं. मग ते म्हणतात, आज ऊन लई हाय. आणि मी खिडकीपाशी जाऊन, बघून सांगतो.